बॅगांपाशी बसवलेली आई

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या ईस्टरच्या शनिवारी, भर दुपारी, इटलीतल्या एका डोंगरावरच्या गावात. आणि करणारे होते माझे बाबा.

इंग्लंडमधल्या रीडिंगहून आम्ही तिघं खास तिथला जुना किल्ला बघायला गेलो होतो. पायथ्याशी बसमधून उतरलो, समोर दगडी चढ. बाबा सवयीने बोलून गेले, "तू बस इथे सावलीत, बॅगा सांभाळ. आम्ही पटकन बघून येतो."

आणि आई बसलीसुद्धा! आपल्या प्रत्येक सहलीत पायथ्याशी एक बाई बॅगा घेऊन बसलेली असते. तिला कोणी विचारलेलं नसतं. इकडे मी पादचारी पुलाला रॅम्प हवा म्हणून पावसात पत्रकं वाटते, आणि माझ्याच घरात हे?

"तिचे गुडघे दुखतात," बाबा म्हणाले.

"तिला विचारलंत?"

"जा गं तुम्ही," आई म्हणाली. "कॉलेजात राजगड, तोरणा सगळं झालंय माझं." नजर मात्र वर, बुरुजावर.

"बॅगांत आहे काय एवढं?"

"दशम्या. आणि शेंगदाण्याची चटणी."

मग काय! तिथेच कठड्यावर बसून आम्ही डबा संपवला. रिकाम्या डब्यासकट बॅगा माझ्या पाठीवर, कोट कमरेला. सांभाळायला काही उरलंच नाही. "आता येतेस वर?" मी आईला विचारलं.

आई चढली. माझा दंड धरून, दर वळणावर थांबत. दरवाजात वाकून पायरीला हात लावून तिने तो कपाळाला लावला. तिकीटवाली बघतच राहिली. तटातल्या उभ्या फटी दिसल्यावर तर तिने बाबांची बाहीच ओढली. "अहो, जंग्या! अगदी आपल्याकडच्यासारख्या. इथून मारा करायचा, खालच्याला पत्ता लागत नाही."

"आधी पाणी दे," बाबा धापा टाकत म्हणाले.

वर छान वारं होतं. खाली ऑलिव्हच्या बागा. बराच वेळ आम्ही नुसते बसून राहिलो, कोणाला घाई नव्हती. उतरताना आईचे गुडघे दुखले. हो, दुखलेच. "दुखू देत," ती म्हणाली. "घरी बसून काय कमी दुखतात?"

आता तुम्ही सांगा. तुमच्या पुढच्या सहलीत पायथ्याशी कोणाला बसवणार आहात? आईला? मग डबा आधी संपवा, बॅगा स्वतःच्या पाठीवर घ्या, आणि तिला विचारा. आजच विचारा.