कोऱ्या पानावरचे अंगठे

“आधी सांगा, आज शाळा उघडली का?” कुणीही भेटलं की सुंदरबाईचा पहिला सवाल हाच. पाऊसपाणी, सोयरीक, सगळं त्याच्या मागून. डोंगरावर मेंढरं वळणारी ही बाई स्वतः एक दिवसही वर्गात बसली नव्हती. पण खडकवाडीला गुरुजी आठवड्यातून दोनदाच यायचे, तेव्हा पाटोद्याच्या शिक्षण कार्यालयाच्या पायरीवर ती अकरा सोमवार बसली. गुरुजी रोज येऊ लागले. मग गळकं छत बदललं, मग नळ आला. एकेका गोष्टीनं दोन-दोन वर्षं खाल्ली. बारा वर्षांत पाच पोरांचा पट अठ्ठावीसवर गेला, आणि गावानं तिला शाळा समितीची अध्यक्ष केलं.

दसरा झाला की खडकवाडी कोयते घेऊन उसाला जाते. लेकरंही फडात जातात. ती आजीजवळ राहून शिकावीत म्हणून शाळेतच दोन वेळ जेवण देणारं सरकारी हंगामी वसतिगृह मिळतं. पण ठरावाखाली पालकांचे अंगठे लागतात, आणि कार्यालयातल्या साहेबांना ठराव लिहायला सवड होईपर्यंत टोळ्या निघून गेलेल्या असतात. म्हणून यंदा ट्रॅक्टर भरत असतानाच तिनं समितीच्या ठराव-वहीच्या कोऱ्या पानावर सगळ्यांचे अंगठे घेतले. “वरचं नंतर लिवा,” म्हणत वही स्वतः कार्यालयात दिली. इकडं असंच करतात. माणूसच गावात नसेल तर करायचं काय?

वसतिगृह आलं नाही. लेकरं गेली. पौषात साहेब आले. वर्गात नऊ पोरं.

“मावशी, ही शाळा नदीपलीकडच्या शाळेत विलीन होतेय.”

“कुनाला इचारून?”

“तुमच्याच समितीची संमती आहे.” साहेबांनी वही उघडून भागवत गुरुजींपुढे धरली. गुरुजींनी वाचलं, आवाज खाली खाली गेला. ‘आम्ही पालक राजीखुशीने शाळा बंद करण्यास...’ खाली तेच अंगठे.

सुंदरबाईनं एका ठशावर बोट ठेवलं. “ह्यो अर्धा ठसा शहादेवचा. कोयत्यानं अंगठ्याचं टोक गेलंय त्याचं. पोरीला दोन वक्त जेवाय मिळावं म्हून दिलता त्यानं. त्याच्या डोक्यावर हे लिवलं?”

“मी नाही. कार्यालयात लिहिलं गेलं.”

“लिहिलं गेलं! शाई आपल्या पायानं चालत आली व्हय?”

“कोरं पान तुम्हीच आणून दिलंत, मावशी.”

हे खरं होतं, आणि तेच तिला जाळत होतं. बारा वर्षं ज्या दारात बसली, त्याच दारावर तिनं विश्वास टाकला होता.

“पालकांनी सोमवारी समोर येऊन नाही म्हटलं, तर तसं लिहीन,” साहेब म्हणाले. “पण ते कुठं दोनशे किलोमीटरवर...”

“कुटं हायेत ते मला ठावं हाय. अंगठे मी आनले, आता मानसं बी मीच आनते. तुमी फकस्त सोमवारी जाग्यावर ऱ्हावा. आयत्या येळी दुसरं काम काढू नका.”

नवरा सटवा कुंपणापाशी मेंढरं धरून उभा होता. “येकलीच जातीस?”

“तू मेंढरं बघ. व्यालेलीला पेंड घाल.”

भाकरी फडक्यात बांधून ती सडकेकडे उतरली. चालताना तिनं एकदाही मागं पाहिलं नाही. ओसरीवरून नऊ पोरं आणि गुरुजी बघत राहिले. जीपच्या दाराला हात लावून साहेबही बघत होते, ती वळणाआड होईपर्यंत.