बिनमाईकचे मामा

"थांबा डाक्टरबाई! सुई टोचायची न्हाई! उमापूरहून थोरले आबा निघालेत!"

बीडच्या दवाखान्यात मामांची अख्खी भावकी ओरडत होती. गप्प होते ते एकटे मामा. तेलगावच्या आमच्या मामांना गप्प पाहिलं ते त्या दुपारी पहिल्यांदा. उजवा हात लुळा, तोंड वाकडं, जीभ जड.

हा माणूस लग्नात माईकशिवाय आहेर पुकारायचा. तेलगावातला आहेर धारूरच्या घाटातले बैल कान टवकारून ऐकायचे; खोटं वाटलं तर बैलांना विचारा. एकदा त्या आवाजानं घोडी उधळली, ती नवरदेवासकट दुसऱ्याच मांडवात शिरली. नवरदेव तिथली पंगत जेवूनच परतला.

मामांची अट एकच. भावकीतला शेवटचा माणूस आल्याशिवाय अक्षता टाकायच्या नाहीत. मुहूर्त टळो, भटजी रुसो, मामा गरजायचे, "थांबा बे! मानसाबिगर कसलं लगीन?" थांबायची ही सवय आम्हाला त्यांनीच लावली.

डॉक्टरबाई मामींना सांगत होत्या, "मेंदूत रक्ताची गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे. वाचा परत येऊ शकते. पण काहींच्या मेंदूत त्यानंच रक्तस्राव होतो, जीवही जातो. आणि थांबाल तितका फायदा कमी, धोका जास्त."

"आबा आले की ठरवू," भावकी म्हणाली; भावकीत शेवटचा शब्द आबांचा. मामी दाराकडे बघत बसल्या. आबांची जीप गेवराईजवळ उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकलेली. फोनवर आबा एकच सांगत होते, "आलोच."

मामांनी डाव्या हातानं मामींचा पदर ओढला. काहीतरी सांगायचं होतं. नुसती घरघर आली. मामी उठल्या आणि त्यांनी सही केली.

संध्याकाळी मामा चक्क बोलले, "लई कोरड पडली. च्या आन." भावकीनं दवाखाना डोक्यावर घेतला. एक चुलता तर नर्सच्या पाया पडला. तेवढ्यात मामांनी डोकं धरलं, उलटी झाली. मेंदूत रक्त उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी गेले.

अजून लग्नात आहेर सुरू व्हायच्या आधी माईक जरा खरखरतो. मागं कुणीतरी छाती भरून श्वास घेतंय असं वाटतं. मी वळून बघत नाही. हे मात्र बैलांना विचारायची गरज नाही.

दहाव्याला आबांनी सगळ्यांदेखत मामींना विचारलं, "माझी वाट कावून पाहिली न्हाईस?"

"पाहिली," मामी म्हणाल्या. "तेवढा उशीर झाला."