मी कापलेला दोरा

माझ्या पिशवीत कायम एक कात्री असायची. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण ती कात्री शाळेसाठी नव्हती. सवड मिळाली की मी आसपासच्या गावांतल्या शाळांत अंधश्रद्धेवर कार्यक्रम करायचो. लिंबातून 'रक्त' काढायचं, नारळ आपोआप पेटवून दाखवायचा, त्यामागचं रसायन सांगायचं आणि शेवटी विचारायचं, "कुणाकुणाच्या हातात गंडेदोरे आहेत? या पुढं." पोरं हसत पुढं यायची. मी दोरे कापून स्टीलच्या ताटात टाकायचो आणि टाळ्या पडायच्या. टाळ्या मला आवडायच्या, हे आधीच कबूल करतो.

एका दिवाळीनंतर माझी बायको हळूहळू गप्प होत गेली. आधी केसांना तेल लावायचं थांबलं, मग शेजारणीकडं जाणं थांबलं. दूध उतू जायचं आणि ती शेगडीसमोरच उभी असायची. सकाळी डबे भरून झाले की भिंतीकडं तोंड करून पडायची, ती संध्याकाळपर्यंत. गंगापूरहून सासरे आले, अर्धा तास बसले आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "काय कमी हाय तिला? सुख दुखतंय, दुसरं काय. आमच्या घराण्यात असलं काही नाय." मी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडलो आणि दुसऱ्याच दिवशी तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं नेलं. आपण या लोकांसारखे नाही, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

डॉक्टर बाई तिच्याच वयाच्या होत्या. हा आजार आहे, औषधानं उतरतो, पण फरक दिसायला काही आठवडे जातात, आणि आपल्याला विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही, असं त्यांनी तिला दोनदा सांगितलं. उरलेलं मी घरी सांगितलं. मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर मेंदूतल्या पेशी काढल्या, एका पेशीकडून दुसरीकडं निरोप कसा जातो ते बाण काढून दाखवलं. ती "व्हय, व्हय" म्हणत राहिली. तिला समजलं, असं मी धरून चाललो.

मग गावाहून आई आली. आमचं गाव अजिंठ्याच्या बाजूला. आजोबांपर्यंत सगळ्यांचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. आईकडं अजून आठ-दहा मेंढरं आहेत, सवय मोडत नाही म्हणून. ती चार दिवस राहिली. त्या चार दिवसांत तिनं सुनेला एकही प्रश्न विचारला नाही. नुसती तिचे केस विंचरत बसायची. जायच्या दिवशी दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. बाहेर आल्या तेव्हा बायकोच्या डाव्या मनगटात काळ्या लोकरीचा दोरा होता. आईनं स्वतः कातलेला, खंडोबाच्या भंडाऱ्यात घोळलेला.

माझं डोकंच फिरलं. "आई, माझ्या घरात हे चालणार नाही."

"तुझ्या हातात कुठं बांधला? तिच्या हातात बांधला," असं म्हणून तिनं पिशवी उचलली आणि ती जीप गाठायला निघून गेली.

माझा राग उगाच नव्हता. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईला भगतानं अंगारा दिला होता आणि डॉक्टरच्या गोळ्या बंद करायला लावल्या होत्या. त्या बाईचे पुढं जे हाल झाले, ते मी डोळ्यांनी पाहिलेत. दोरा आला की गोळी जाते, हा माझा अनुभव होता. पण आमच्या घरी गोळ्या चालू राहिल्या. दोन महिन्यांनी तिनं डोक्यावरून पाणी घेतलं आणि गच्चीत केस वाळवत बसली. चौथ्या महिन्यात ती मुलीला रागावली, आणि त्या रागावण्याचा आम्हा दोघांना इतका आनंद झाला की मुलगी रागावून घेताना हसत होती. मी सगळं श्रेय गोळ्यांना दिलं. थोडं माझ्या बाणांनासुद्धा.

एका रविवारी शाळेतले एक सहकारी चहाला आले. बायकोनं कप पुढं केला, त्यांनी तिचं मनगट पाहिलं आणि ती आत गेल्यावर मला म्हणाले, "काय सर, दिव्याखाली अंधार?" एवढंच बोलून ते हसले. मीही हसलो. ते फाटकाबाहेर गेले आणि मी पिशवीतून कात्री काढली.

"तू आता बरी आहेस ना? गोळ्यांनी बरी झालीस. मग हे कशाला?"

ती कपबशा गोळा करत राहिली.

"कापू?"

तिनं हात पुढं केला. तिच्या गप्प राहण्याला मी होकार समजलो. वर्गातही मी तेच करतो, कुणी काही विचारलं नाही म्हणजे सगळ्यांना समजलं. लोकर एका झटक्यात कापली जात नाही, दोनदा कात्री चालवावी लागली. "झालं?" तिनं विचारलं. मी "झालं" म्हणालो. "बरं," ती म्हणाली आणि कप विसळायला गेली.

पुढचे तीन आठवडे मी आंधळा होतो, असं म्हणता येणार नाही. मला दिसत होतं. तिचं जेवण कमी झालं, मी म्हणालो ऊन वाढलंय. ती पुन्हा भिंतीकडं तोंड करून झोपायला लागली, मी म्हणालो कूलरचा वारा लागत असेल. माझ्या तर्कात तिनं आजारी पडायला कारणच उरलं नव्हतं.

शनिवारी दुपारी मी चितेगावच्या एका शाळेत होतो. लिंबू झालं, नारळ झाला. दोरे कापायला पोरं रांगेत उभी होती, तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती नववीत होती, क्लासवरून नुकतीच घरी आलेली.

"पप्पा, आई घरात नाही. तिचा फोन इथंच आहे. दार नुसतं लोटलेलं होतं."

"शेजारी बघ."

"बघितलं. आणि पप्पा, मिठाच्या बरणीमागं आईच्या गोळ्या आहेत. तीन पाकिटं. एकही फोडलेली नाही."

माझ्या एका हातात कात्री होती आणि समोर सातवी-आठवीचा अख्खा वर्ग बसला होता. मी कुणाला काही न सांगता बाहेर आलो आणि गाडीला किक मारली. पैठण रोडवर कंपन्यांची शिफ्ट सुटलेली, बसमागून बस. एके ठिकाणी गाडी थांबवून मुलीला पुन्हा फोन केला. "गच्चीवर..." एवढंच म्हणालो, पुढचं तोंडातून निघेना.

"मी सगळ्यात आधी तिथंच गेले होते," ती म्हणाली. पंधरा वर्षांच्या पोरीला आधी गच्ची आठवावी! याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मग आईला फोन लावला. ती काय करणार होती तिकडं शंभर किलोमीटरवर, पण दुसरं कुणी सुचेना. सगळं ऐकून तिनं पहिलं हेच विचारलं, "दोरा हाय का तिच्या हातात?"

"आई, ही वेळ आहे का ती?"

"हाय का नाय ते सांग."

"मी कापला. तीन आठवडे झाले."

पलीकडं काही क्षण नुसती मेंढरं ओरडत होती. मग आई म्हणाली, "म्या तिला गोळीची आण घातली व्हती रं. हा हातात हाय तवर एक बी गोळी चुकवायची नाय. झिजून आपणहून गळून पडंल, तवा देवानं सोडलं समज. लोकर लवकर झिजत नसती, वरीस-दोन वरीस जात्यात. तू सोडवलीस तिला."

मी रस्त्याच्या कडेला गाडी धरून उभा होतो. गोळी आणि दोरा हे एकमेकांचे वैरी, हे मी शेकडो पोरांना शिकवलं होतं. माझ्या घरात एकानं दुसऱ्याला चार महिने धरून ठेवलं होतं आणि धरणारा हात मीच तोडला होता.

"आता रडत बसू नको," आई म्हणाली. "कळप सोडून गेलेलं जनावर आधी वळखीच्या वाटंला लागतं. तिच्या म्हायेराच्या वाटंवर बघ."

गंगापूरच्या गाड्या मध्यवर्ती बसस्थानकातून सुटतात. तिथं पोचायला मला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी काय काय बोललो, कुणाला हात जोडले, ते इथं लिहीत नाही. मी नास्तिक आहे आणि तेव्हाही होतो, एवढंच सांगतो.

ती तिथं होती. गंगापूरच्या फलाटासमोरच्या बाकावर, घरातल्याच साडीत, पायात दोन वेगवेगळ्या चपला. जवळ पिशवी नाही, पाकीट नाही. मी आधी मुलीला फोन करून "सापडली" एवढं सांगितलं आणि मग तिच्या शेजारी बसलो. खरं सांगायचं तर पहिल्यांदा राग आला. दोन कानाखाली ओढाव्यात, आधी तिच्या, मग स्वतःच्या, असा राग. हात मांडीखाली दाबून बसलो.

"कधीची बसलीस?"

"बारा वाजल्यापासनं. गाड्या लई आल्या. उठताच आलं नाय." थोड्या वेळानं म्हणाली, "तिकडं जाऊन तरी काय करायचं? आणि घरी तरी काय?"

"गोळ्या का बंद केल्या?"

"तुम्हीच तर कापला."

"अगं, मी दोरा कापला! गोळ्यांचा त्याच्याशी काय संबंध? गोळ्या का घ्यायच्या ते तुला समजावलं होतं ना मी?"

"समजावलं होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यानं मला जास्त भीती वाटली. "बाण काढून समजावलं. डोक्यात काय बिघडलंय ते. आईंनी नाय समजावलं काही. त्या दोरा बांधताना म्हणल्या, माय, तुला नसंल जगू वाटत, पण मला तू पाहिजेस. माझ्यासाठी घे. देवाचं म्हणाल तर मला काय माहीत नाय. त्या रडत होत्या हो. म्हणून रोज घेत होते. तुम्ही कापला, तवा वाटलं, सुटले. यांना काय, मी बरी झाले की बास. कुणाला मी पाहिजे असं काही नाय."

समोर कंडक्टर "गंगापूर, गंगापूर" ओरडत होता. लोक पिशव्या घेऊन धावत होते. पंचेचाळीस वर्षांचा, चारचौघांत बोलका म्हणून ओळखला जाणारा मी माणूस. बायकोला तीन शब्द म्हणायला मला घसा खाकरावा लागला.

"मला तू पाहिजेस."

ती माझ्याकडं बघत राहिली, खरं बोलतोय का ते तपासत असावी.

"गोळी घे. मेंदूसाठी नको, माझ्यासाठी घे. वचन दे मला."

गाडी भरून निघून गेली. फलाट रिकामा झाला. मग ती म्हणाली, "जलमभराचं नाय जमायचं. उद्यापर्यंत देते. उद्या परत मागा."

डॉक्टरांकडं सोमवारपर्यंत थांबलो नाही, माझी गाडी स्थानकावरच ठेवून तिथूनच रिक्षा केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते कागदावर लिहून दिलं, काही दिवस तिला एकटं ठेवायचं नाही असं मला बजावलं. दोऱ्याची गोष्ट मी खाली मान घालून सांगितली. त्या म्हणाल्या, "सर, गोळी तर मी कुणालाही लिहून देते. रोज सकाळी ती घ्यावीशी वाटणं मला लिहून देता येत नाही."

दोऱ्यात काही शक्ती असते, हे मी आजही मानत नाही. गोळ्या बंद करायला लावणाऱ्या भगताला आजही सोडणार नाही. मी बरोबर होतो आणि चूक माझीच होती, या दोन्ही गोष्टी मला एकदम उचलाव्या लागतात. कार्यक्रम अजून करतो, दोरे मात्र कापत नाही. पोरांना विचारतो, कुणी बांधला, बांधताना काय म्हणाले. पोरं लांबच लांब सांगत बसतात आणि कार्यक्रम लांबतो.

आणि रोज सकाळी मी मागतो. एका हातात पाणी, एका हातात गोळी. कधी ती लगेच "उद्यापर्यंत" म्हणते. कधी लाजते, पोरीसमोर नको म्हणते. कधी बराच वेळ नुसती बघते, आणि तेव्हा मला पुन्हा तो बसस्थानकाचा बाक दिसतो. गेल्या आठवड्यात असाच एक दिवस होता. तिनं विचारलं, "आज नाय दिलं तर?"

मी शाळेत निघालो होतो. पिशवी खाली ठेवली, बूट काढले आणि तिच्या पलंगाजवळ फरशीवर बसलो. प्रार्थनेची वेळ टळली. मुख्याध्यापकांचा फोन वाजून वाजून बंद झाला. पहिला तास गेला, दुसरा गेला. मी काही समजावलं नाही. तिनं गोळी घेतली तेव्हा सव्वाबारा झाले होते आणि ग्लासातलं पाणी मी तीनदा बदललं होतं.