डाव्या हाताचा विळा

माझी सासू डावखुरी होती. कापणीला सगळ्या बायका ओळीनं पात धरायच्या आणि ही कायम बांधाकडची शेवटची पात धरायची, म्हणजे हिचा विळा कुणाला लागू नये. तो विळाही तिनं लोहाराकडून मुद्दाम उलटे दाते पाडून घेतलेला. गव्हाच्या कापणीत तिचा हात धरणारी बाई उंब्रजपासून आमच्या गावापर्यंत नव्हती. मजुरीच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन ती घरात शिरली की म्हणायची, "मी कुणाच्या जिवावर खात न्हाई." ते माझ्यासाठी असायचं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि माझी एक भाकरी तिला कधी धड लागली नव्हती.

पंच्याण्णव साल असेल. जत्रेत भावकीची मारामारी झाली, डोकी फुटली. फौजदारानं दवंडी दिली, की घरातली हत्यारं दोन दिवसांत चावडीत आणून टाका, कुणाला काही विचारणार नाही, नंतर मात्र झडती घेऊ. ज्यांनी डोकी फोडली त्यांच्या तलवारी कडब्याच्या गंजीत सुखरूप राहिल्या. चावडीत पडली ती खुरपी, विळे आणि एका म्हातारीचा अडकित्ता. चोर सोडून संन्याशाला फाशी.

आमच्या घरात नवऱ्याची गुप्ती होती. ती त्याला सोडवेना. म्हणाला, "दुसरं कायतरी दिऊन ये, म्हंजे झडती टळंल." खुंटीवर माझाही विळा होता. मी सासूचा उचलला. त्याच सकाळी तिनं माझी भाकरी कुत्र्यापुढं टाकली होती. चावडीत कोतवालाच्या हातात तो विळा देताना मला फार गार वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी कापणी होती. तिनं सगळं घर धुंडाळलं.

"माझा इळा बघितलास का गं?"

"मला काय ठावं? आत्या, माझा घिऊन जावा की," मी म्हटलं आणि वर गोड हसले.

दुपारी बायकांनी तिला धरून आणली. माझ्या विळ्याचे दाते तिच्या हाताला उलटे. तो धाटांवरून सटकला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. ती बोटं कायमची आत वळली. गव्हाची मूठ धरायचा हात गेला, म्हणजे पात गेली. ती घरी बसली. मी वाढीन ते, मी वाढीन तेव्हा खायची. भाकरी करपली तरी बोलायची नाही. मी मुद्दाम करपवून बघितली.

दोन वर्षांनी चावडीची साफसफाई निघाली. कोपऱ्यातल्या पोत्यात सगळं तसंच पडलेलं. पोलिसांकडून न्यायलाच कुणी आलं नव्हतं. लोकांनी आपापलं नेलं. उरलेला एक विळा घेऊन कोतवाल आमच्या दारात आला आणि सासूसमोरच मला म्हणाला, "वैनी, ह्यो तुमीच दिला हुता न्हवं? डावरा हाय, कुणी घिईना."

तो गेला. सासूनं दात्यांवरून अंगठा फिरवला आणि विळा माझ्यापुढं सारला.

"मला त्याच दिशी ठावं हुतं," ती म्हणाली. "तुझ्याबिगर कोण दील? सांजच्याला बोलणार हुते. पर दुपारीच बोटं गेली, आन् मग तुझ्याच हातची भाकरी खायाची हुती."

जेवायची वेळ झाली होती. तिनं डाव्या हातानं ताट पुढं ओढलं आणि मी वाढायची वाट बघत बसली.