व्याह्यांची शिखर परिषद

जगात मोर्चा नावाची गोष्ट निघाली नसती तर आमचे व्याही जन्माला येऊन करणार काय होते, हे मला आजवर कळलेलं नाही. आम्ही नरपडची माणसं लेकीसाठी स्थळ बघायला तलासरीच्या पलीकडे, डोंगराकडच्या त्यांच्या गावी गेलो, तर मुलगा घरात, चहा चुलीवर आणि मुलाचे वडील रॉकेलच्या मोर्चात! संध्याकाळी उगवले ते घसा पार बसवून. मग सगळं लग्न त्यांनी हातवाऱ्यांवर ठरवलं. देण्याघेण्याचं तोंडातून अक्षर काढलं नाही, कारण अक्षर निघतच नव्हतं. आमच्या ह्यांना मात्र वाटलं, काय समंजस माणूस!

मोर्चा कोणाचा, कशासाठी, हे ते फारसं विचारत नसत. अंगणवाडीच्या बायकांच्या मोर्चात हे एकटे पुरुष. कोळणींच्या मोर्चात जन्मात होडीत न बसलेले तेवढे हेच. वर मला म्हणायचे, "विहीणबाई, मागणी कोणाची का असेना, ओरडायला माणूस कमी पडता कामा नये." पण पुढे होऊन घोषणा त्यांनी कधी दिली नाही हो. पुढारी म्हणणार, "आमच्या मागण्या..." आणि मागून यांचा खणखणीत आवाज, "मान्य करा!" तो मागचा अर्धा तुकडा म्हणजे आमचे व्याही. घरातही तेच. माझी विहीण चुलीपाशी नुसतं पुटपुटली, "आज भात जरा लवकर..." की ओट्यावरून आलंच, "झालाच पाहिजे!" नातवाच्या बारशाला आत्याने बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं आणि मागून हे ओरडले, "झिंदाबाद!" पोर जे दचकून रडायला लागलं, ते जेवणावळी उठेपर्यंत.

मग दोन हजार सतरा साली त्यांच्यावर स्वतःची मागणी करायची वेळ आली. बुलेट ट्रेनची मोजणी करणारी माणसं आली आणि त्यांच्या भाताच्या खाचरात खुणेचे दगड रोवून गेली. त्या दगडांच्या बरोब्बर मध्ये विहीर. व्याही-विहिणीने आपल्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मिळून खणलेली. हे खाली खणायचे, ती वर माती ओढायची. मे महिन्यात सगळ्या पाड्याचे हंडे त्या एका विहिरीवर लागतात. "गाडीला माझी ना नाही," व्याही म्हणायचे. "पळू दे की पाहिजे तेवढी. माझ्या विहिरीला फक्त वळसा घाल म्हणावं." पाड्याने मोर्चा ठरवला. जन्मभर दुसऱ्यांसाठी ओरडलेला माणूस आता आपल्यासाठी ओरडणार, म्हणून त्यांनी सदरा नीळ घालून धुतला, वर इस्त्री करून आणला.

नेमकी तेव्हाच जमावबंदी लागली. त्या गाडीला पैसा देणाऱ्या देशाचे मोठे पाहुणे शिखर परिषदेला येणार होते. गुजरातची हद्द आम्हाला लागून, हायवे मधूनच गेलेला, म्हणून आमच्या बाजूलाही हुकूम निघाला. पाच माणसांनी एकत्र यायचं नाही, घोषणा नाहीत, फलक नाहीत. पोलीस पाटलांनी पाड्यावर येऊन वाचून दाखवलं. व्याह्यांनी त्यातले दोनच शब्द उचलले, शिखर परिषद. आता आमच्या मुलखात शिखर म्हटलं की एकच. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा डोंगर, चैत्रातल्या जत्रेत ज्यावर ध्वज चढतो तो. दुसरं शिखर आम्ही ऐकलेलंच नाही. लगोलग मला फोन. "विहीणबाई, पाहुणे देवीच्या शिखरावर येतायत! मोठी माणसं, पण रीत बघा कशी पाळतात. आधी देवी, मग काम. चौघांना बंदी नाही. आम्ही दोघं, सूनबाई, आणि तुम्ही. तुम्ही बोलायला बऱ्या आहात."

"अहो, पण एवढी मोठी माणसं त्या चिखलातून चढणार कशी?" मी विचारलं.

"हेलिकॉप्टर नसतं का त्यांना!" व्याही म्हणाले. मी पदर खोचला आणि गेले.

डोंगराच्या पायथ्याशी बंदोबस्ताला एक तरणा पोलीस होता. "कुठे निघालात, काका?"

"शिखरावर."

"कशाला?"

"परिषदेला."

त्याने आमच्याकडे नीट बघितलं. पदर खोचलेल्या तीन बायका आणि कडक इस्त्रीतला म्हातारा. "निमंत्रण आहे का?"

"आम्ही इथलेच," व्याही म्हणाले. "आम्हाला कसलं निमंत्रण?"

एवढ्यात वर फुलं घेऊन निघालेली एक म्हातारी येऊन आमच्यातच उभी राहिली. "आता पाच झाले!" पोलीस म्हणाला. आमचे व्याही नियमाला पक्के. म्हणाले, "आजी, तुम्ही जरा मागून या." म्हातारी अशी भडकली! "मेल्या, देवीकडे जायला मी तुझ्या मागून? तूच ये मागून!" शेवटी म्हातारी आमच्याबरोबर आणि परिषदेचे म्होरके एकटेच मागून, अशी वरात निघाली. पोलिसाने तोंड फिरवून हसून घेतलं आणि हाक मारली, "काका, घोषणा तेवढ्या नको हां. माझ्या नोकरीवर येईल."

"शब्द दिला," व्याही म्हणाले.

वर पोचलो तर वारा आणि दोन माकडं. म्हातारी फुलं वाहून उतरून गेली. व्याही सदरा सारखा करून आभाळाकडे बघत बसले. लांब कुठे घरघर झाली की उठून उभे राहायचे, ती हायवेवरच्या ट्रकची निघायची. शेवटी माझ्या लेकीने जावयांना फोन लावून स्पीकर सुरू केला. ते वापीला कंपनीत कामावर होते. "बाबा, परिषद इकडे गुजरातमध्ये चाललीय," ते म्हणाले. "कॅन्टीनच्या टीव्हीवर दाखवतायत. केवढा मोठा हॉल आहे!"

"हॉल?" व्याही म्हणाले. "मग त्याला शिखर कशाला म्हणतात?"

तिकडे भोंगा झाला आणि जावयांनी फोन ठेवला. 

 मग माझी विहीण म्हणाली, "एवढं चढून आलोय तर बोलून टाका."

"कोणाशी?"

"देवी आहे. आम्ही आहोत."

ते उभे राहिले. सवयीने जरा थांबले, कोणी आधीचा अर्धा तुकडा म्हणेल म्हणून. कोणी म्हटलं नाही. दिलेला शब्दही होता. मग इतक्या हळू बोलले, की हा त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "माझी विहीर आहे. आम्ही दोघांनी खणलीय. तेवढी राहू द्या."

"खडक लागला होता, ते सांगा," विहीण म्हणाली.

"खडक लागला होता," ते म्हणाले, आणि खाली बसले.

उतरल्यावर पोलिसाने विचारलं, "झाली का परिषद, काका?"

"झाली. शांततेत पार पडली."

पुढे बंदी उठली, मोर्चेही निघाले. व्याही जातात, पण आता गुडघे कुरकुरतात. दगड अजून तसेच आहेत. कोणी म्हणतं गाडी वळसा घेणार, कोणी म्हणतं नाही घेणार. खरं काय ते पाड्यावर येऊन कोणी सांगत नाही. यंदाच्या उन्हाळ्यात मी लेकीकडे गेले, तर व्याही विहिरीच्या कठड्यावर बसलेले. मला तांब्याभर पाणी दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "विहीणबाई, गोड आहे ना?"

"गोड आहे हो."

तहान कधीच भागली होती. तरी मी रिकामा तांब्या पुढे केला आणि म्हटलं, "अजून द्या." ते लगबगीने उठले आणि पोहरा आत सोडला, अगदी हळू, कडेच्या दगडाला कुठे लागू नये असा.