आईची फ्लॉपी

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, मार्चमधल्या एका सोमवारी, मी माझ्या आईची तीन महिन्यांची मेहनत दोन मिनिटांत पुसून टाकली. आणि ती दोन मिनिटं मी स्वतःच्या नीटनेटकेपणावर खूश होते.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. आम्ही अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर राहत होतो. बाबा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अधिकारी होते. त्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असे. माझ्या अभ्यासासाठी त्यांनी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून एक जुना कॉम्प्युटर घेतला होता. त्याला हार्ड डिस्क नव्हती. सगळा कारभार मोठ्या, चपट्या फ्लॉप्यांवर चाले: एका खाचेत प्रोग्रामची फ्लॉपी, दुसऱ्या खाचेत आपल्या कामाची. येत्या गुरुवारी हे यंत्र दुकानदाराकडे परत जाणार होतं आणि त्याच्या बदल्यात नवं येणार होतं. नव्याला फक्त लहान फ्लॉप्या चालणार होत्या. मला एम.एस्सी. करायचं होतं, त्यानंतर संशोधन. माझ्या आराखड्यात प्रत्येक गोष्टीला तारीख होती.

त्या सोमवारी प्रोजेक्ट कॉलेजात द्यायचा होता आणि मला एक रिकामी फ्लॉपी हवी होती. डब्याच्या तळाशी लेबल नसलेली एक सापडली. यादी काढली, तर पडद्यावर चाळीस फाइली आल्या. अक्षरं रोमन, पण शब्द मराठी: दूध एक, दूध दोन, पाणी, बेल, कुकर, काकू, काकू दोन, पाणी सात. यांतली एकही मी केलेली नव्हती. बाबा कॉम्प्युटरला हात लावत नसत. कॉलेजात तेव्हा व्हायरसची भीती साथीसारखी पसरलेली होती, त्यामुळे माझा निष्कर्ष लगेच तयार झाला. प्रयोगशाळेतल्या सवयीनं मी सगळी नावं, तारखा आणि वेळा एका कागदावर उतरवून घेतल्या, फ्लॉपी फॉरमॅट केली, तीवर प्रोजेक्ट लिहिला आणि कॉलेजात जमा करून आले.

‘कुकर’ नावाचा व्हायरस कोण कशाला बनवेल, हा प्रश्न मला पडला नाही.

दुपारी अडीचच्या सुमारास, नेहमीपेक्षा लवकर परतले, तेव्हा जिन्यातच कीबोर्डचा आवाज ऐकू आला. माझ्या टायपिंगचा आवाज मला ठाऊक होता: दोन बोटं आणि मधे शोधाशोध. हा आवाज सलग होता. दार ढकललं. आई माझ्या खुर्चीत ताठ बसली होती, मनगटं उचललेली, दहाही बोटं चालत होती आणि नजर कीबोर्डवर नव्हतीच. मी चपला न काढताच आत गेले.

“आलीस? बरं झालं,” ती मान न वळवता म्हणाली. “डब्यात खाली एक फ्लॉपी होती, लेबल नसलेली. कुठे ठेवलीस?”

“ती तुझी होती?”

“मग काय बाबांची?”

मी काय केलं ते सांगितलं. तिची बोटं थांबली, पण जागेवरून हलली नाहीत.

“सगळ्या गेल्या?”

“सगळ्या.”

“दूध एकसुद्धा?”

“हो.”

ती उठली, यंत्र बंद केलं, त्यावर भरतकाम केलेलं आच्छादन घातलं आणि स्वयंपाकघरातून विचारलं, “चहा घेणार का?” ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आई लग्नाआधीपासून ठाण्याच्या एका कचेरीत टायपिस्ट होती आणि माझ्या जन्मानंतर तिनं नोकरी सोडली, हे मला माहीत होतं. एखाद्या दूरच्या देशाची राजधानी माहीत असते, तसं. ती टाइप करताना कशी दिसते, हे मी वीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं.

चहा पिताना हळूहळू सगळं बाहेर आलं. दुकानदार यंत्र पोचवायला आला तेव्हा मी कॉलेजात होते. त्यानं आईला यंत्र सुरू कसं करायचं ते दाखवलं आणि एक गेमची फ्लॉपी वर दिली. “भाभी, बेटी पढ़ाई करेगी, आप टाइमपास करो!” गेममध्ये चित्रं नव्हती, फक्त इंग्रजी मजकूर. तुम्ही एका किनाऱ्यावर उभे आहात. समोर बेट आहे, बेटावर विझलेलं दीपगृह. हुकूम टाइप करायचे: दार उघड, दोर घे, उत्तरेला जा. वरच्या खोलीत पोचून दिवा लावायचा. आई माझा शब्दकोश मांडीवर घेऊन जानेवारीपासून त्या बेटावर हिंडत होती, आणि गेले तीन आठवडे वरच्या खोलीच्या बंद दारापाशी अडकली होती.

“एवढा दिवा लागलेला बघायचा होता मला,” ती म्हणाली. “गुरुवारी तर नेणार ना हे?”

“बाबांना माहीत आहे?”

“नाही, आणि तूही बोलू नकोस हं.”

“का? चोरी आहे का ती?”

“चोरी कसली? नोकरी मीच सोडली होती, आपणहून. आता मशीनवर बसलेली दिसले, तर त्यांना वाटायचं मी टोमणा मारतेय.”

यावर मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी मी सिद्धान्त मांडला. बदलापूरला, मांजर्लीत, माझी मावसबहीण राहायची. तिच्याकडे टीव्हीला जोडायचा गेम होता. त्यात सेव्ह फक्त विहिरीवर करता येई. वाटेत मेलात, वीज गेली, की मागच्या विहिरीपासून पुन्हा सुरुवात. आम्ही दोघी एका विहिरीपासून दुसरीपर्यंत श्वास रोखून जायचो आणि हरलो की पुन्हा निघायचो. मला ती पद्धत फार सचोटीची वाटे. प्रयोगात काटा स्थिर झाल्याशिवाय वाचन घेत नाहीत, तसंच ते. कुठेही, केव्हाही सेव्ह करता येणं म्हणजे प्रत्येक ओळीनंतर गुरुजींना ‘बरोबर आहे ना?’ विचारण्यासारखं. हे सगळं मी आईला, त्या दिवशी, तिच्याच घरात ऐकवलं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. “तुझ्या मावसबहिणीला विहिरीपर्यंत जाईस्तोवर कुणी हाक मारत नाही,” ती म्हणाली आणि कप विसळायला गेली.

मग मी दप्तरातला तो कागद काढला. एकही तारीख शुक्रवारची नव्हती. शुक्रवारी बाबा घरी असत. सगळ्या वेळा दीड ते साडेचारच्या मधल्या. आणि नावं म्हणजे तिला खुर्चीवरून कोणी उठवलं त्याची नोंद होती. दूध उतू जायला आलं, दूध एक. पाण्याची वेळ झाली, पाणी. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, काकू. एकाच दिवसाच्या दोन फाइलींमधलं सर्वांत मोठं अंतर मी काढलं: सव्वीस मिनिटं. तीन महिन्यांत आईला सलग मिळालेला सर्वांत मोठा वेळ. वजाबाकी चुकली असेल म्हणून मी पुन्हा केली. मग एक नाव मला दिसलं, जे सकाळी उतरवताना मी सहज लिहून गेले होते. चहा. चहा दोन, चहा तीन, अशा अकरा फाइली. आमच्याकडे दुपारी कॉलेजातून येऊन चहा मागणारी व्यक्ती एकच होती. जिन्यात माझी पावलं वाजली की आई उठत असणार.

मंगळवारी सकाळी मी कॅम्प दोनला गेले. दुकानात सुट्या भागांच्या ढिगाऱ्यात दुकानदार सोल्डरिंग करत बसला होता.

“साईं, फ्लॉपी फॉरमॅट करून तीवर दुसरं लिहिलं, तर जुनं परत येतं का?”

“बेटी, स्लेट पोंछ के नया लिख दिया, अब पुराना मैं कहाँ से लाऊँ? क्या गया, प्रोजेक्ट?”

“प्रोजेक्ट नाही. मम्मी का गेम.”

त्यानं सोल्डरिंगची सळई खाली ठेवली. “भाभी ने सच में खेला?” त्याला मनापासून आनंद झालेला पाहून मला अधिकच अपराधी वाटलं.

“यंत्र एक आठवडा उशिरा न्या ना.”

“गिऱ्हाइक को ज़बान दिया है. गुरुवार मतलब गुरुवार. लेकिन भाभी को बोलो, रास्ता तो मालूम है ना? रास्ता डिलीट नहीं होता.”

घरी आल्यावर मी आईला समोर बसवलं आणि बेटावरची प्रत्येक जागा सांगायला लावली. कागदावर वर्तुळं आणि बाण काढत गेले. किनारा, नावाड्याची नाव, धक्का, रखवालदाराची झोपडी, जिना, दार. आईला प्रत्येक खोलीतली प्रत्येक वस्तू पाठ होती. बहुतेक बाण दोन्ही दिशांनी जात होते. एकच बाण एकेरी होता: धक्क्यावर उतरलं की नाव वाहून जायची आणि परतीचा मार्ग संपायचा.

“नावेत काय काय होतं?”

“नावाडी. दोर. एक लोखंडी आकडा, लांब दांड्याचा. दाराची कडी आतून आहे बघ, वरच्या झरोक्यातून हात पोचत नाही...” ती बोलता बोलता थांबली.

“आकडा उचलला नाहीस?”

“नावाड्याचा होता तो!”

“आई, तो गेम आहे.”

“असू दे. दुसऱ्याच्या नावेत बसायचं आणि वर त्याचीच वस्तू घेऊन उतरायचं? दोर त्यानं स्वतः दिला होता. आकडा दिला नव्हता.”

मी कागदावरच्या त्या एकेरी बाणावर बोट ठेवलं. आकड्याशिवाय दार उघडणार नव्हतं आणि नाव गेल्यावर आकडा मिळणार नव्हता. याचा अर्थ, नावेतून उतरल्यानंतरची प्रत्येक फाइल आधीच मेलेली होती. आई दोन महिन्यांहून अधिक काळ एक हरलेला डाव पुन्हापुन्हा जपून ठेवत होती. दूध, पाणी आणि चहा सांभाळून, एकोणचाळीस वेळा. विहिरीवर सेव्ह करू देणारा गेम असा दगा देत नाही. कारण पुढची वाट मोकळी असेल तिथेच विहीर खणलेली असते. म्हणजे तत्त्वतः माझंच बरोबर होतं. ते मी आईला सांगितलं नाही, कारण किनाऱ्यावरची, नावेत बसण्यापूर्वीची एक फाइल तिच्याजवळ होती. त्या चाळिसांत जिवंत तेवढी एकच, दूध एक, आणि तीही मी मारली होती.

“म्हणजे मुळापासून,” आई म्हणाली.

“उद्याची एकच दुपार आहे.”

“एका दुपारीत कसं व्हायचं? पाण्याची वेळ तीनची.”

“पाणी मी भरते. दूध मी बघते. दार मी उघडते. तू फक्त अधूनमधून सेव्ह करत जा. वीज गेली तर सगळं जाईल.”

“हो गं, करेन,” ती म्हणाली.

बुधवारी जेवणं आटोपल्याबरोबर ती बसली. मी खोलीचं दार लोटून घेतलं आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. पहिल्या तासात मला जे कळलं, ते कोणत्याही पुस्तकात नव्हतं: त्या घरात दर थोड्या वेळानं काहीतरी उतू जात होतं, वाजत होतं किंवा संपत होतं. भंगारवाला, पोस्टमन, गॅसचा नंबर विचारायला आलेला माणूस. मी एक पान वाचायचं ठरवलं होतं. ते पान मला पाच वेळा पहिल्या ओळीपासून वाचावं लागलं.

अडीच वाजता शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या.

“आई कुठे गेली गं?”

“झोपलीय. डोकं दुखतंय.”

लोटलेल्या दाराआडून टाइप करण्याचा आवाज दणदणत होता.

“डोकं दुखतंय, मग आत मशीन कोण बडवतंय?”

“मी,” मी म्हणाले.

काकूंनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. “तू तर माझ्यापुढे उभी आहेस, शहाणे.”

मी वाटीत विरजण घालून दिलं. काकू दोन पायऱ्या उतरून थांबल्या आणि वर न बघता म्हणाल्या, “उठली की सांग, आज मी पुन्हा येत नाही. निवांत झोप म्हणावं.”

तीन वाजता नळाला पाणी आलं. पिंप, कळश्या, बादल्या भरताना खोलीतला आवाज मला ऐकू येईनासा झाला. चाळीस मिनिटांनी नळ बंद केला, तेव्हा घर शांत होतं. मी ओल्या हातांनीच दार ढकललं.

आई खुर्चीला टेकून बसली होती. पडद्यावर चार-पाच ओळी होत्या. मी वाचायला पुढे झुकले, तोवर तिनं एक कळ दाबली आणि त्या वर सरकून गेल्या.

“लागला?”

“लागला. सगळा समुद्र दिसतो वरून.”

“आणि आकडा?”

“नावाड्याला तीनदा विचारलं. तो बोलतच नाही मेला. मग घेतला.”

मी दुसऱ्या खाचेतली फ्लॉपी पुढे ओढली. तीवर लेबल चिकटवून ठेवावं, निदान या फाइली तरी जपाव्यात, असं माझ्या मनात होतं. ती पुन्हा आत सरकवून यादी मागितली. यंत्र थोडं घरघरलं आणि पडद्यावर उत्तर आलं: एकही फाइल नाही. मी खाच तपासली. दुसरी फ्लॉपी घातली गेली का, ते पाहिलं. पुन्हा यादी मागितली.

“तू एकदाही सेव्ह केलं नाहीस?”

“नाही.”

“दोन तास? अगं, वीज गेली असती तर? काय समजून तू...”

“मी सेव्ह कधी करते? उठावं लागलं की,” आई म्हणाली. “आज कुणी उठवलंच नाही.”

तिनं शब्दकोश मिटून माझ्या हातात दिला. मी तो फळीवर ठेवला आणि म्हणाले, “चहा मी टाकते.”