झिलीचा गळा

गुरुजींनी माझा गळा धरला तेव्हा तबलजी चहा पीत होता. त्याने कपसुद्धा खाली ठेवला नाही.

बडोद्यात, गोत्रीतल्या त्यांच्या बंगल्यात तालीम चालली होती. मी वरचा सा लावला होता. छातीचा आवाज संपतो तिथे मी गळा हलका सोडतो, मग पातळ, धारदार सूर निघतो. तो माझ्या आजोबांचा. आजोबा जलशात झीलकरी होते. शाहिराच्या मागे उभं राहून, कानावर हात ठेवून त्याची ओळ उंच ओढायचे. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला, जयंतीला, अजून झील ओढतात.

गुरुजींचा अंगठा माझ्या कंठात रुतला.

"हा खोटा आवाज. नाच्याचा. ही बैठक आहे, तमाशाचा फड नाही." मग तबलजीकडे बघून म्हणाले, "शेवटी ज्याचं त्याचं रक्त बोलतं."

तबलजी हसला. मी खोकत खोकत वाकलो आणि गुरुजींच्या पायांना हात लावला. मार खाल्ला की शिष्याने पाया पडायचं, अशी रीत. त्या वाकण्याची मला आजही शिसारी येते.

निजामपुऱ्यात घरी वडिलांनी वळ पाहिले. वडील रेल्वेत फिटर. "सोस," एवढंच म्हणाले. "आपल्याला दुसरं कोण शिकवणार?"

मी सोसलं.

गणपतीत सयाजीगंजच्या एका मंडळात गुरुजींचं गाणं होतं. मी मागे, तानपुऱ्यावर. वय झाल्यामुळे गुरुजींना वरचा सा लागत नाही. तिथे पोचले की ते तोंड उघडं ठेवून हात वर नेतात, आणि सूर मागून मी लावायचा. याला साथ म्हणतात. कुठल्या आवाजात लावायचा? त्याच. खोट्या.

त्या दिवशीही लावला. पुढच्या रांगेतले एक शेठ उठून उभे राहिले. "वाह गुरुजी, आ उंमरे आवो अवाज!" या वयात असा आवाज!

गुरुजींनी हात जोडले. मागे वळून पाहिलं नाही.

मध्यंतरात मंचामागे त्यांनी माझा कान पिरगळला. "माईकपासून लांब बस. लोकांना कळता कामा नये."

माझ्या डोक्यात तेव्हा काहीतरी फाटलं. ज्या आवाजासाठी माझा गळा दाबला, तोच आवाज हा माणूस स्वतःच्या नावावर खपवत होता.

भैरवी सुरू झाली. गुरुजींचा हात वर गेला. मी तोंड मिटून बसलो. त्यांचा स्वतःचा आवाज चिरकला, फुटला. ते वळले आणि सगळ्यांसमोर त्यांनी उलट्या हाताची माझ्या तोंडावर मारली. ओठ फाटला. दुसऱ्यांदा हात उगारला, तेव्हा मी मनगट धरलं आणि पिरगळलं. ते ओरडले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

मी तानपुरा खाली ठेवला. उभा राहिलो. कानावर हात ठेवला आणि रक्ताळल्या तोंडाने झील ओढली. कुणीतरी धावत जाऊन माईक बंद केला. झिलीला माईक लागत नाही. रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून आत बघायला लागले.

टाळी एकही पडली नाही. वडील आठवडाभर बोलले नाहीत. बडोद्यातला एकही क्लास आता मला दारात उभं करत नाही.

नको करू देत. मी गाणार, याच गळ्याने, आणि पुढे उभा राहून. यावर पुन्हा कुणाचा अंगठा आला, तर तो अंगठा मी मोडणार.